पहिलीच्या बाईंची पिल्लं

बिलोलीत खोली बघायला गेले तेव्हा बाईंनी मला पहिला प्रश्न विचारला, "तुझी झोप गाढ हाय का हलकी?"

मी म्हटलं, "हलकी."

"मग रहा," असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. नाव, जात, लग्न झालंय का, खोलीवर कोण येणार-जाणार, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. मीच आपणहून सांगितलं की मी लातूरची, इथल्या सरकारी दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीवर लागलेय. त्यातलं 'लातूर' तेवढं त्यांनी उचललं. पुढं दोन वर्षं त्या घरात माझं नाव लातूरच होतं. "ए लातूर, दूध उतू चाललंय बघ." "लातूर, डबा राहिला तुझा."

मी सव्वीस वर्षांची होते आणि पहिल्यांदाच घराबाहेर राहत होते. दिवसभर खिडकीतून हात आत यायचे, त्यांच्यावर मी गोळ्या ठेवायचे. चेहरा बघायला सवड नसायची. संध्याकाळी खोलीवर आले की आईला फोन, मग भात टाकायचा, मग मोबाईल बघत पडायचं. त्या गावात मला नावानं हाक मारणारं कोणी नव्हतं, आणि जी एक होती ती गावाच्या नावानं मारायची.

झोपेचं कोडं तिसऱ्या दिवशी सुटलं. माझ्या भिंतीपलीकडच्या खोलीत तीस पिल्लं होती, अंड्यातून बाहेर येऊन जेमतेम दोन दिवस झालेली. बल्बच्या उबेवर ती जगत होती. लाईट गेली की ती ओरडायची, आणि बाईंना डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. त्यांना भाडेकरू नको होता, एक कान हवा होता.

बाई तेव्हा सत्तरीच्या जवळ आल्या होत्या. अंगानं किरकोळ, उंच, नऊवारी कधीच सोडून पाचवारीवर आलेल्या, पण पदर मात्र नऊवारीसारखा कमरेला खोचलेला. लग्न केलेलं नव्हतं. सगळी नोकरी त्यांनी फक्त पहिलीचा वर्ग शिकवला. दुसरीचा वर्ग द्यायचं निघालं की त्या रजेचा अर्ज पुढं करायच्या, आणि पहिली घ्यायला दुसरं कोणी सहसा राजी नसतं, म्हणून त्यांचं चालून गेलं. सारं गाव त्यांना 'पहिलीच्या बाई' म्हणायचं. घर लिंगायताचं. गळ्यात इष्टलिंग, सकाळी पूजा झाल्याशिवाय चहा नाही, अंड्याला कधी बोट लावलेलं नाही. पूजा झाली की त्या कपाळावरचं भस्म तसंच ठेवून पिल्लांच्या खोलीत जायच्या.

हे खूळ कसं लागलं ते त्यांनी मला एकदा शेंगा फोडता फोडता सांगितलं. निवृत्त झाल्या त्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडली. त्या दिवशी त्या सवयीनं तयार झाल्या, पिशवी घेतली आणि दारात येऊन थांबल्या. पुढं कुठं जायचं ते कळेना. तेवढ्यात सायकलवर टोपली बांधून रंगवलेली पिल्लं विकणारा माणूस गल्लीतून गेला. गुलाबी, हिरवी, पिवळी. बाईंनी सहा घेतली. चौथ्या दिवशी सगळी मेली.

"का मेली ते मला कळंना," त्या म्हणाल्या. "मला लई राग आला. मग मी जनावराच्या दवाखान्यात जाऊन बसले. डॉक्टरला म्हटलं, मला पहिल्यापासून सांगा."

पहिल्यापासून शिकलेलं त्यांनी कधी मोडलं नाही. खोलीत जमिनीवर भाताचं तूस पसरलेलं, त्यावर वर्तमानपत्र, आणि भोवती पत्र्याचं गोल कडं. वर दोरीला बल्ब, रोज थोडा थोडा वर चढवायचा. कडं गोलच हवं. "कोपरा ठेवायचा न्हाई," त्या मला बजावायच्या. "पिल्लू भ्यालं, गारठलं, की कोपऱ्यात घुसतं. त्याच्यावर दुसरं, त्याच्यावर तिसरं. खालची गुदमरून जातात." ऊब बरोबर आहे का हे बघायला त्या तळहात धरत नसत, मनगटाची आतली बाजू धरायच्या. त्याहून जास्त त्या पिल्लांवरूनच ओळखायच्या. बल्बखाली गर्दी झाली की गार, कड्याला चिकटून चोची उघड्या टाकल्या की गरम, आणि सगळीकडं पांगून बारीक आवाजात कुजबुज चालली असली की ठीक.

पाण्याच्या बशीत पिल्लू बुडू नये म्हणून त्यात गोट्या ठेवायच्या. त्यांच्याकडं गोट्यांचा एक मोठा डबा होता. सगळ्या पहिलीतल्या पोरांच्या खिशातून जप्त केलेल्या. "वर्षाच्या शेवटी परत देते म्हणायचे," त्या सांगायच्या. "तवर पोरं इसरून जायची."

वर्तमानपत्राचं तर मोठं काम असायचं. रद्दीचा गठ्ठा घेऊन त्या चष्मा लावून बसायच्या आणि श्रद्धांजलीची पानं वेगळी काढायच्या. मेलेल्या माणसाच्या फोटोवर पिल्लानं घाण करू नये म्हणून. ती पानं घडी घालून फडताळात ठेवायच्या. त्यांचं पुढं काय करायचं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. फडताळ भरत आलं होतं.

पिल्लं आणायला त्या नांदेडला जायच्या. मी एकदा सुट्टीच्या दिवशी बरोबर गेले. परतीच्या एसटीत भोकं पाडलेला खोका त्यांनी मांडीवर घेतला आणि वर पदर टाकला. नायगाव गेल्यावर कंडक्टर थांबला, इकडं तिकडं बघत म्हणाला, "आवाज कुठून येऊन राहिला हो?"

बाई सरळ समोर बघत म्हणाल्या, "पहिलीचा वर्ग हाय. गप बसत न्हाई."

कंडक्टरनं त्यांच्याकडं नीट बघितलं. "बाई, तुम्ही का!" म्हणाला आणि चक्क हात मागं बांधून उभा राहिला. चाळिशीचा माणूस, कानाशी केस पांढरे झालेले. बाईंनी त्याला ओळखलं नाही. त्यानं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, बेंच कुठला ते सांगितलं. बाई नुसतं "हाव, हाव" करत राहिल्या. तो पुढं गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "मला त्यांचं पुढचं तोंड ठाऊक नसतं गं."

घरी आल्यावर एकेक पिल्लू हातात घेऊन त्याची चोच कोमट गुळाच्या पाण्यात बुडवायची. "कुडी, कुडी," त्या म्हणायच्या. पी, पी. बाईंचं माहेर उदगीरचं, घरात कानडी. माणसांशी त्या मराठी बोलायच्या, पिल्लांशी कानडी. मग बोटाच्या नखानं भरडलेल्या मक्यावर टकटक करत "तिन्नु, तिन्नु" म्हणायच्या, म्हणजे खा, खा, आणि बघता बघता पिल्लं त्यांच्या बोटाबरोबर टिपायला लागायची. एखाद्याच्या बुडाला घाण चिकटून बसली की कोमट पाण्याचा बोळा घेऊन ती भिजवून सोडवायच्या. मला ओकारी यायची. त्या म्हणायच्या, "पहिलीत नाकं पुसली, इथं बुडं पुसते. कामात काय फरक न्हाई."

पाचेक आठवड्यांत पिसं फुटायची, माना उंच व्हायच्या, पिल्लं कड्यावरून उड्या मारू लागायची. त्या आठवड्यात बाईंचा मूड जायचा. आसपासच्या खेड्यांतल्या बायका यायच्या, बाई त्यांना चार-चार, पाच-पाच देऊन टाकायच्या. एखादी म्हणायची, "बाई, मागल्या बारीची कोंबडी लई गुणाची निघाली बघा..." की बाई हात वर करून तिला थांबवायच्या. "मला सांगू नको काही. घेऊन जा." एकही पिल्लू त्यांनी कधी घरी मोठं होऊ दिलं नाही.

वर्षातून एकदा उदगीरहून त्यांचे धाकटे भाऊ यायचे. ओसरीत खुर्चीवर बसायचे, पाण्याची बाटली स्वतःची आणायचे. एकदा ते आले तेव्हा मी माझ्या खोलीत होते आणि दार उघडं होतं, म्हणून त्यांचं बोलणं मला ऐकू आलं.

"अक्का, गळ्यात लिंग घालतीस अन् घरात कोंबड्या पाळतीस. लोक मला इचारतात."

"मी खाते का?"

"तू न्हाई खात. नेणारे खातात न? ही सगळी कुठं जातात, माहिती हाय न तुला?"

बाई म्हणाल्या, "एवढी वर्षं पहिली शिकवली. पुढं कोणाची शाळा सुटली, कोणती पोर तेराव्या वर्षी उजवली, ते मी इचारत बसले असते तर पुढच्या जूनला वर्गात पाऊल टाकता आलं असतं का मला?"

भाऊ तासाभरात निघून गेले. त्या संध्याकाळी बाई पिल्लांच्या खोलीत जमिनीवर बसून होत्या. मी चहा नेऊन दिला. "बस," त्या म्हणाल्या. मी बसले. आम्ही दोघी त्या बल्बखालच्या धावपळीकडं बघत राहिलो. तिथं राहायला आल्यापासून मला पहिल्यांदाच परकं वाटलं नाही.

आता जे सांगायचं ते सांगते.

दुसऱ्या वर्षी पौषात कडाक्याची थंडी पडली होती. पिल्लं पाच दिवसांची होती. उदगीरहून भाच्याचा फोन आला की बाबांची तब्येत बरी नाही, आत्या, एकदा येऊन जा. बाईंची घालमेल झाली. पिल्लं लहान असताना त्या कधी रात्रभर घराबाहेर राहिल्या नव्हत्या. शेवटी मला म्हणाल्या, "लातूर, उद्या दुपारच्याला येते मी. पाणी बदल, दाणा टाक. लाईट गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या भर, पोत्यात गुंडाळ, मधी ठेव. दुसरं काही करू नको."

रात्र नीट गेली. सकाळी सहाच्या सुमाराला लाईट गेली. मी बाटल्या भरल्या, पोत्यात गुंडाळून कड्यात ठेवल्या. तरी पिल्लं ओरडत होती. तासभर ओरडत होती. फरशी बर्फासारखी, खिडकीच्या फटीतून वारं येत होतं. मला दवाखान्यात पोचायचं होतं. त्या आवाजानं माझा जीव कासावीस झाला. मला वाटलं, बाई तर नाहीत, आपणच काहीतरी करायला हवं. माझ्याकडं सलाईनच्या बाटल्यांचा एक मोठा पुठ्ठ्याचा खोका होता, सामान आणलं होतं त्यातून. त्यात मी माझी लोकरीची शाल अंथरली, बाटल्या ठेवल्या, पिल्लं एकेक करून उचलून ठेवली, आणि वरून गोधडी टाकली. हवेला थोडी फट ठेवली.

दहा मिनिटांत सगळी गप झाली. मी कान लावून ऐकलं. एकही आवाज नाही. निजली बिचारी, असं वाटून मला इतकं बरं वाटलं की मी स्वतःवरच खूश झाले. बाई आल्या की त्यांना दाखवू, असंही मनात आलं. कुलूप लावून मी कामावर गेले.

दीड वाजता परत आले. गोधडी काढली. एका कोपऱ्यात पिवळ्या पिसांचा ढीग होता. वरची हलत होती. खालची चपटी झाली होती, अंगं ओली, माना वाकड्या. चौदा होती. त्यातलं एक मी हातावर घेतलं तेव्हा ते अजून कोमट होतं. मी त्याची छाती चोळली, तोंडानं फुंकर घातली. काही उपयोग झाला नाही.

लाईट कधीची आली होती. रिकाम्या कड्यात बल्ब जळत होता.

उरलेली सोळा मी बल्बखाली सोडली, मेलेली वर्तमानपत्रावर ओळीनं ठेवली आणि उंबऱ्यावर बसून राहिले. बाई चारला आल्या. हातात उदगीरहून आणलेली खारीची पिशवी होती. माझं तोंड बघूनच त्या सरळ आत गेल्या. मी मागं गेले. त्यांनी पिल्लांकडं बघितलं, ओळीकडं बघितलं, मग खोक्याकडं.

"यात ठेवली होतीस?"

"हो."

"हं," त्या म्हणाल्या. पिशवी खुंटीला अडकवली. खाली बसून एकेक मेलेलं पिल्लू उचलून त्याची मान सरळ करून ठेवली. चौदाही पिल्लांची. मग मला म्हणाल्या, "तू जेवलीस का?"

मी मान हलवली.

"मी पण न्हाई. चल."

त्यांनी भाकरी थापली. आम्ही चटणीशी भाकरी खाल्ली. त्या समोर बसून राहिल्या म्हणून मी घास गिळला. त्या ओरडल्या असत्या तर मला रडता आलं असतं. नंतर परसात शेवग्याखाली त्यांनी स्वतः खड्डा खणला. मी खुरपं मागितलं, त्यांनी दिलं नाही.

त्या मला काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाही आणि पुढंही नाही. उरलेली सोळा मोठी झाली, बायका येऊन घेऊन गेल्या. मग मी वाट बघत राहिले की आता त्या नांदेडला जातील. एकदा विचारलंही. "बघू," म्हणाल्या. बल्बची वायर गुंडाळून त्यांनी खिळ्याला लावली, तूस झाडून काढलं, खोली धुतली. त्या रिकाम्या खोलीचं दार उघडंच असायचं. मी त्यावरून येता-जाता नजर चुकवायचे. त्या मला 'लातूर' म्हणायच्या, पण कामापुरतं.

गुढीपाडवा झाल्यावर भाचा गाडी घेऊन आला आणि बाईंना उदगीरला घेऊन गेला. जाताना त्या मला म्हणाल्या, "दुसरी खोली बघ. घर बंद ठेवणार हायत." मी वाकून नमस्कार केला. त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला की नाही ते आता मला आठवत नाही. आला असावा असं मी धरून चालते.

त्यानंतर माझी लातूरजवळच्या मुरुडला बदली झाली. उदगीर काही फार लांब नाही. तरी तीन वर्षं मी गेले नाही. दर वेळी काहीतरी कारण निघायचं आणि कारण निघालं की मला हायसं वाटायचं. शेवटी मागच्या हिवाळ्यात कामानं उदगीरला गेले, दुपारी मोकळी झाले, आणि पत्ता विचारत विचारत त्यांच्या भाच्याच्या घरी पोचले.

तिसऱ्या मजल्यावर घर. भाचेसून चांगली होती, चहा-पोहे केले. भाऊ गेल्याला दोन वर्षं झाली, असं तिच्याकडून कळलं. बाई गॅलरीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या, अंगात गाऊन. मला बघून क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "लातूर! किती वाळलीस गं." माझं लग्न झालं, मुलगी झाली, हे मी सांगितलं. "पहिलीत कधी जाईल?" त्यांनी विचारलं. "अजून चार वर्षं," मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली.

सून आत गेल्यावर मी विचारलं. "बाई, माझ्यामुळं बंद केलं का तुम्ही?"

त्या खाली रस्त्याकडं बघत होत्या. "हाव," म्हणाल्या.

मग त्याच पुढं बोलल्या, हळू, मला ऐकायला वाकावं लागलं.

"त्या दिवशी मला इथं कामून बोलावलं होतं, ठाऊक हाय का? तब्येतीचं निमित्त होतं. भाऊ म्हणाला, अक्का, आता एकटी राहू नको, इथं ये. मी म्हटलं, मला येता येत न्हाई, घरी माझी वाट बघून राहिलेत. सगळे हसले. सून हसली, भाचा हसला. म्हटलं, हसा. गाडीत सगळ्या वाटेनं मला लई बरं वाटत होतं बघ. मी खरंच कोणाला तरी म्हटलं होतं, माझी वाट बघतात म्हणून." त्या थांबल्या. "अन् मग घरी आले."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो धरू दिला. "तू पोर होतीस," त्या म्हणाल्या. "चूक झाली. पण झाली ती झाली न? ती काय मी न्हाई झाली म्हणू?"

निघताना त्या स्टँडपर्यंत यायचंच म्हणाल्या. गाऊन बदलून साडी नेसल्या, पदर कमरेला खोचला, हातात पर्स घेतली. स्टँडवर लातूरची गाडी लागलीच होती. त्यांनी घाईनं पुढं होऊन खिडकीतून माझ्यासाठी सीटवर रुमाल टाकला. मी आत बसल्यावर खालून म्हणाल्या, "पोरीला घेऊन ये एकदा." मग मागं सरकून बाकावर जाऊन बसल्या.

गाडी सुटायला अवकाश होता. खिडकीपाशी शेंगा विकणारी मावशी आली. मी तिच्याकडून शेंगा घेतल्या आणि बाईंकडं बोट दाखवून म्हटलं, "मावशी, त्यांना जरा रस्ता ओलांडून द्याल का? एकट्या जातील घरी."

मावशीनं वळून बघितलं. "त्या व्हय? त्या रोजच येतात की. चारला येऊन बसतात. देगलूर-बिलोली गाडी लागली की उठून दारापर्यंत जातात. कंडक्टर बी ओळखतो. चढत न्हाईत पर."

"मग?"

"मग काय, गाडी गेली की जातात माघारी."

आमच्या ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. मी मान बाहेर काढून बघितलं. पलीकडच्या फलाटावर एक लाल गाडी मागं मागं येत थांबत होती, आणि बाई पर्स छातीशी धरून बाकावरून उठत होत्या.